रद्दी आहे का?

अध्यक्षांना खरं म्हणजे फक्त एक पिंप हवं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढची हकिकत ऐकून कुणाला वाटायचं, की या गृहस्थांनी जग सुधारायचा विडा उचलला होता. तसलं काही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक पिंप असावं, सगळ्या दुकानांनी आपापला कचरा त्यात टाकावा आणि सकाळी शटर वर करताना आपल्या पायात दुसऱ्याच्या चिंध्या येऊ नयेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

‘अध्यक्ष’ हे त्यांचं टोपणनाव, पद नव्हे. गल्लीत त्यांचं वह्या-पेनांचं दुकान. शाळेत असल्यापासून चार माणसं एकत्र दिसली की ‘आपण एक बैठक घेऊ या’ असं म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आजवर ते कशाचेही अध्यक्ष झालेले नव्हते. घरी तर नव्हतेच. घरच्या कारभारात बायकोने त्यांना साध्या सल्लागार मंडळावरसुद्धा घेतलं नव्हतं.

त्यांच्या दुकानाला लागून कपबशीवाले भाऊ. मधे एकच भिंत, आणि तीही अशी पातळ की भाऊंकडे बशी फुटली की इकडे अध्यक्ष ‘अरेरे’ म्हणायचे. संध्याकाळी गिऱ्हाइकं ओसरली की भाऊ अध्यक्षांच्या पायरीवर येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, “रद्दी आहे का?” अध्यक्ष म्हणायचे, “बस, काढून ठेवतो.” वर्षानुवर्षं यात एका शब्दाचा फरक पडला नव्हता. वह्यांच्या गठ्ठ्यांवरचे जाड कागद, छपाई बिघडलेली पानं, पुठ्ठ्याची खोकी, हे सगळं भाऊंना कपबश्या गुंडाळायला लागायचं. आता रद्दी उचलून न्यायला असा किती वेळ लागतो? पण भाऊ स्टुलावर जे बसायचे ते दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत. मग जगाची उलटतपासणी चालायची. सरकार, जावई, गुडघे, हल्लीच्या गिऱ्हाइकांचं वळण, कशालाही जामीन नव्हता.

चहा अध्यक्षांच्या घरून थर्मासमधून यायचा आणि कप भाऊंचे. या कपांविषयी सांगितलं पाहिजे. भाऊंनी दुकान उघडलं त्या दिवशी मालाची पहिली पेटी दोघांनी मिळून उचलली आणि ती दोघांच्या हातून मिळून पडली. कुणाचा हात आधी सुटला यावर पुढे इतकी वर्षं वाद चालला, निकाल लागला नाही. आतले निळ्या काठाचे दोन कप तेवढे वाचले, तेही धड नव्हते. एकाचा कान तुटला होता, दुसऱ्याच्या काठाचा टवका उडाला होता. “कान तुटलेला तुझा,” भाऊ म्हणाले होते, “नाहीतरी तू कुणाचं ऐकत नाहीस.” “आणि ओठ फुटलेला तुझा,” अध्यक्ष म्हणाले होते, “तोंड मिटत नाही म्हणून.” तेव्हापासून चहा त्याच कपांतून. कान नसलेला कप धरताना बोटं भाजायची. पण अध्यक्षांनी कधी दुसरा मागितला नाही.

तर पिंप. ते कुणाच्या दुकानासमोर ठेवायचं यावर आधी गल्लीत मतं घेतली गेली. मत सगळ्यांनी दिलं, जागा कुणीच दिली नाही. शिंपीमास्तर म्हणाले, “पिंप पाहिजेच, पण बेकरीसमोर. तिथे माणसं थांबतात.” बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, “माझ्याकडे लोक खायला येतात. मास्तरांसमोर ठेवा. त्यांच्याकडे लोक नुसती मापं द्यायला जातात.” रोपवाटिकेच्या ताई म्हणाल्या, की पिंपाला भोकं पाडून देणार असाल तर माझ्याकडे ठेवा, मी त्यात लिंबू लावीन. भाऊ म्हणाले, “अध्यक्ष, नाद सोड. पायात चिंध्या आल्या तर बाजूला सरकव. पाय आहेत कशाला?”

अध्यक्षांनी नाद सोडला नाही. ते नगरपालिकेत गेले. तिथल्या खिडकीमागच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “रस्त्यावर पिंप ठेवायची परवानगी एकट्या माणसाला मिळत नाही. संस्थेला मिळते.”

“मग संस्था काढतो.”

“संस्थेला उद्दिष्ट लागतं.”

“पिंप ठेवणे.”

“ते उद्दिष्ट नाही. ती वस्तू आहे.”

अध्यक्षांचा चेहरा इतका पडला, की त्या माणसालाही दया आली असावी. त्याने शोधाशोध करून सांगितलं, की व्यापारी गल्ल्यांसाठी एक ‘शून्य कचरा’ योजना आहे. दुकानदारांनी एकत्र येऊन एकमेकांचा टाकाऊ माल एकमेकांनी वापरायचा. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल. साहेब तपासणीला येतात, गल्लीला मानाची पाटी मिळते.

“आणि त्यात पिंप मिळतं?” अध्यक्षांनी आशेने विचारलं.

“शून्य कचऱ्याला पिंप कशाला लागेल?”

अध्यक्ष घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती. “पिंप आणायला गेला होतात ना?” तिने विचारलं.

“पिंप नाही मिळालं.”

“मग?”

“बहुतेक अध्यक्षपद मिळेल.”

“ते कुठे ठेवणार?” बायको म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

पहिली बैठक शिंपीमास्तरांच्या दुकानात झाली, कारण तिथे बाकडी होती. मंडळाचा अध्यक्ष कोण, हा विषय निघाला तेव्हा भाऊच पहिले बोलले. “त्यात काय विचारायचं? नावच आहे की!” सगळे हसले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी उठून सगळ्यांना दोनदोनदा नमस्कार केला. एवढ्या वर्षांची थट्टा अशी अचानक खरी होईल असं कुणाला वाटलं होतं? पुढे कितीतरी दिवस त्यांना ती टाळ्यांची वेळ आठवायची आणि सुरुवात भाऊंनी केली होती हेही आठवायचं.

योजना कागदावर फार देखणी होती. मास्तरांच्या चिंध्या ताईंना रोपं बांधायला. मावशींची मैद्याची रिकामी पोती मास्तरांना पिशव्या शिवायला. मावशींचा शिळा पाव ताईंच्या खताच्या खड्ड्यात. भाऊंच्या फुटक्या कपबश्यांचा चुरा ताईंच्या कुंड्यांच्या तळाशी, म्हणजे पाण्याचा निचरा होतो. आणि अध्यक्षांचा कागद? तो भाऊंना आधीपासूनच जात होता. तिथे योजनेला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

“तुमचा कागद भाऊंनाच का?” मावशींनी भर बैठकीत विचारलं. “मलाही ट्रेमध्ये घालायला कागद लागतो. मैत्री वेगळी आणि मंडळ वेगळं.”

आता अध्यक्षाने काय करावं? तो निःपक्षपाती असावा लागतो, एवढं अध्यक्षांनी ऐकून ठेवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की बेकरीमागच्या रिकाम्या खोलीत सगळ्यांचा सगळा टाकाऊ माल दुपारीच जमा करायचा आणि मग पाळीपाळीने समान वाटायचा. कुणीही कुणालाही परस्पर काही द्यायचं नाही. आणि या नियमाची सुरुवात अध्यक्ष स्वतःच्या रद्दीपासून करतील. पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी भाऊ बिडीला काडी लावत होते, त्यामुळे त्यांचे हात मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ नेहमीप्रमाणे पायरीवर आले. “रद्दी आहे का?”

“खोलीत गेली.”

“कुठल्या खोलीत?”

“अरे, काल ठरलं ना? बेकरीमागच्या. तुझी पाळी गुरुवारी.”

भाऊंनी एकदा अध्यक्षांकडे आणि एकदा मधल्या भिंतीकडे बघितलं. “म्हणजे तुझ्या दुकानातला कागद गल्ली ओलांडून बेकरीमागे जाणार, तिथून मी तो गुरुवारी उचलून परत गल्ली ओलांडून तुझ्या शेजारी आणणार?”

“हो.”

“आणि मधे काय होणार त्याचं?”

“मधे तो सार्वजनिक होणार,” अध्यक्ष म्हणाले. बोलताना त्यांनाही ते जरा मोठं वाटलं. “प्रश्न कागदाचा नाही भाऊ, तत्त्वाचा आहे.”

चहा थर्मासमध्ये होता, स्टूल जागेवर होतं, दोन्ही कप धुऊन फळीवर पालथे होते. पण हातात न्यायला काही नसताना नुसतं बसायचं कसं, हे दोघांनाही सुचेना. इतक्या वर्षांत भाऊ कधी ‘बसायला’ म्हणून आलेच नव्हते. ते रद्दी न्यायला यायचे. “बरं, गुरुवारी बघू,” म्हणून ते गेले.

खोलीचं म्हणाल तर तिची हकिकत स्वतंत्र आहे. पहिली गोष्ट ही, की कचऱ्याला किंमत आहे असं ज्या दिवशी लोकांना कळलं त्या दिवसापासून तो कुणी सोडेना. ज्या चिंध्या मास्तर वर्षानुवर्षं तुडवत होते त्यांच्यावर ते आता राखण करू लागले. “रेशमी काठाचे तुकडे मी देणार नाही,” ते म्हणाले, “रोपाला रेशीम कशाला? त्याचं काय लग्न आहे?” मावशींना शंका आली, की आपल्या पोत्यांच्या मानाने आपल्याला मिळणारा कागद कमी आहे. त्यांनी शिळा पाव आणखी शिळा करून द्यायला सुरुवात केली. मास्तरांनी मैद्याच्या पोत्यांच्या पिशव्या शिवल्या, पण झटकल्या नाहीत. एका बड्या गिऱ्हाइकाची काळी पँट त्या पिशवीतून घरी गेली आणि पांढरी होऊन परत आली. पावाच्या वासाला खोलीत उंदीर आले, उंदरांनी चिंध्यांत घरं केली आणि घर सजवायला कागद कुरतडला. पाळीपाळीने समान वापर हे मंडळाचं धोरण अमलात आणलं ते फक्त उंदरांनी.

या सगळ्यांची तक्रार अध्यक्षांकडे. बायको म्हणाली, “घरातला पंखा पुसायला सवड नाही, निघाले गल्ली पुसायला.” मोठ्या कामात घरच्यांचा पाठिंबा नसतो, अशी अध्यक्षांनी मनाची समजूत घातली. पंखा मात्र खरोखरच पुसायला झाला होता.

गुरुवारी भाऊ खोलीत गेले. वाट्याला आलेला कागद तुपकट होता आणि कडांना कुरतडलेला होता. त्यात गुंडाळून त्यांनी कुणाला तरी लग्नाच्या भेटीचा संच दिला. घरी उघडल्यावर त्यातून मैदा, एक चिंधी आणि उंदराची आणखी एक खूण बाहेर पडली. गिऱ्हाइकाने दुकानात येऊन भाऊंना जे ऐकवलं ते भिंतीपलीकडून अध्यक्षांनी शब्दन् शब्द ऐकलं. उठून जावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण गेल्यावर काय म्हणायचं? मंडळातर्फे दिलगिरी म्हणावी, तर मंडळाची बैठक झालेली नव्हती. ते बसून राहिले.

त्यानंतर भाऊंच्या दुकानात फुगे-फुगे असलेल्या प्लास्टिकचं एक भलं मोठं भेंडोळं आलं. शून्य कचरा गल्लीत, खुद्द अध्यक्षांच्या शेजारी, बाजारातून आणलेलं नवं कोरं प्लास्टिक! आता यात अध्यक्षांनी मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? पण घेतलं. पुढच्या बैठकीत ते म्हणाले, “आपल्यातले काही सदस्य अजून प्लास्टिक वापरतात. मी नाव घेत नाही.” नाव घेतलं नाही, पण बघितलं भाऊंकडेच. सगळ्यांनी बघितलं. भाऊ उठले, “नाव घ्यायला काय झालं होतं?” एवढंच म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

त्या दिवसापासून संध्याकाळी पायरीवर कुणी आलं नाही. थर्मास निम्मा भरलेला घरी परत जाऊ लागला. बायकोने दोन दिवस बघितलं आणि मग चहाच कमी भरायला सुरुवात केली. काही विचारलं नाही. अध्यक्षांना तेच जास्त लागलं. भिंतीपलीकडे भाऊ खोकलेले ऐकू यायचे. प्लास्टिकचे फुगे दाबून फोडल्याचा टप टप आवाजही कधीकधी यायचा आणि तो आपल्याला ऐकू यावा म्हणूनच येतो, असं अध्यक्षांचं ठाम मत होतं. साहेबांची तपासणी एकदा पार पडू दे, पाटी लागू दे, मग आपण स्वतः जाऊन भाऊंना म्हणू, की चल, झालं ते झालं. असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. तपासणी आधी, मैत्री मग. मैत्री काय, भिंतीला लागूनच होती. ती कुठे जाणार?

तपासणीच्या दिवशी गल्ली चकचकीत होती. अध्यक्षांच्या छातीवर रिबिनीचं फूल होतं. नगरपालिकेचे साहेब आले, त्यांनी चिंध्यांनी बांधलेली रोपं बघितली, झटकलेली पिशवी बघितली, उंदीर बघितले नाहीत. मग ताईंच्या कुंड्यांपाशी थांबून म्हणाले, “हे फुटक्या भांड्यांचं तुम्ही करता ना, ते मला आवडलं. ते प्रत्यक्ष करून दाखवा. अहवालात घालतो.”

ताईंनी हातोडा आणला. चुऱ्याची पेटी उघडली, तर पेटी रिकामी. भाऊ आपल्या दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभे होते.

“भाऊ,” अध्यक्ष शक्य तितक्या खेळीमेळीने म्हणाले. कित्येक दिवसांनी ते भाऊंशी बोलत होते. “एखादी फुटकी बशी असेल ना?”

“नाही बुवा,” भाऊ म्हणाले. “हल्ली काही फुटतच नाही. प्लास्टिक चांगलं निघालं.”

मास्तर खुदकन हसले. साहेबांनी घड्याळ बघितलं. अध्यक्षांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आयुष्यात एकदा मिळालेलं पद, छातीवर फूल, गल्ली गोळा झालेली, आणि अडलं कशावरून, तर एका फुटक्या बशीवरून! “एक मिनिट,” ते म्हणाले आणि दुकानात धावले. फळीवर ते दोन कप होते. बरेच दिवस वापर नसल्यामुळे त्यांच्यावर धूळ बसली होती. एकाला कान नाही, एकाला टवका. नियमाप्रमाणे फुटकेच की! तेवढाच विचार त्यांनी केला. तेवढाही केला की नाही, कोण जाणे.

ताईंनी कप हातात घेतले आणि त्या थबकल्या. “काका, हे चहाचे दिसतात.”

“टवके गेलेत त्यांचे. फोडा.”

ताई फोडेनात. मग अध्यक्षांनीच हातोडा घेतला. कान नसलेला कप फरशीवर ठेवला आणि घाव घातला. टाळ्या झाल्या. दुसरा ठेवला, हातोडा उचलला आणि सहज समोर लक्ष गेलं. भाऊंच्या हाताची घडी सुटली होती. ते अध्यक्षांकडे बघत नव्हते, खाली कपाकडे बघत होते. अजून हातोडा वरच होता. ‘हा राहू दे, एकाने काम भागलं’ एवढं म्हटलं असतं तर साहेब काय नको म्हणणार होते? पण टाळ्या चालू होत्या, साहेब लिहून घेत होते आणि वर गेलेला हात तसाच खाली आणणं चारचौघांत बरं दिसलं नसतं. अध्यक्षांनी घाव घातला. निळ्या काठाचा एक तुकडा उडून भाऊंच्या पायरीपर्यंत गेला.

भाऊ खाली वाकले, तो उचलून त्यांनी पेटीत टाकला. “झालं शून्य,” ते म्हणाले. “अभिनंदन, अध्यक्ष.”

इतकी वर्षं त्या तोंडून ती हाक टोपणनावासारखी यायची. त्या दिवशी पहिल्यांदा ती पदासारखी ऐकू आली.

गल्लीला पाटी मिळाली. ती कुणाच्या दुकानावर लावायची यावर भांडण झालं आणि शेवटी ती अध्यक्षांच्याच दुकानावर लागली. खिळा ठोकताना भिंतीपलीकडून एकही आवाज आला नाही.

पुढे अध्यक्ष धीर करून एक दिवस भाऊंच्या दुकानाची पायरी चढले. “अरे भाऊ” म्हणायचं ते ठरवून गेले होते.

“या साहेब,” भाऊ म्हणाले. “काय दाखवू आपल्याला?”

‘आपल्याला’! अध्यक्षांचं ठरवलेलं सगळं तिथेच राहिलं. “दोन कप,” ते म्हणाले. “निळ्या काठाचे असतील तर.”

“ते कधीच बंद झाले. आणि सुटे आम्ही देत नाही. सहाचा संच असतो.”

अध्यक्षांनी सहाचा संच घेतला. भाऊंनी एकेक कप फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळला, कुठे घाई केली नाही, कुठे राग दाखवला नाही. गिऱ्हाइकाशी वागावं तसं अगदी चोख वागले. शून्य कचरा गल्लीचे अध्यक्ष हातभर प्लास्टिक घेऊन आपल्याच पाटीखालून आत गेले.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात आली, तर अध्यक्ष ओट्याच्या कडेवर कप आपटत होते.

“काय चाललंय हे?”

“टवका पाडतोय.”

“नव्या कपाला?”

एक कप उभा दुभंगला होता. दुसऱ्यावर ओरखडासुद्धा उठला नव्हता. काठाचा नेमका तेवढाच टवका काही केल्या उडेना. बायकोने त्यांच्या हातातून कप काढून घेतला. या वेळी तिने टोमणा मारला नाही. “अहो, सरळ जाऊन बोला ना त्यांच्याशी,” ती म्हणाली.

“मी अध्यक्ष आहे.”

“म्हणून तर सांगतेय.”

अध्यक्ष उद्या जाऊ म्हणाले. मग परवा. काय बोलायचं याची ते मनातल्या मनात भाषणासारखी तयारी करायचे. त्यात प्रस्तावना असायची, आढावा असायचा, आणि क्षमा मागायचा मुद्दा यायच्या आत दुकान बंद करायची वेळ व्हायची.

आणि मग एका संध्याकाळी, गिऱ्हाइकं ओसरल्यावर, पायरीवर सावली पडली. भाऊ उभे होते. प्लास्टिक संपलं होतं, की आणखी काही, देव जाणे. त्यांनी आत न बघता, पाटीकडेही न बघता, नेहमीच्या आवाजात विचारलं, “रद्दी आहे का?”

अध्यक्ष ताडकन उठले. त्यांनी गल्ल्याखाली बघितलं, फळीमागे बघितलं, स्टुलाखाली बघितलं. कागदाचा कपटा नव्हता. सगळी रद्दी दुपारीच खोलीत गेली होती, त्यांनीच केलेल्या नियमाप्रमाणे, त्यांनी स्वतः नेऊन टाकली होती. ते इतके गांगरले, की विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी खरं उत्तर दिलं.

“नाही,” ते म्हणाले.

“बरं,” भाऊ म्हणाले आणि गेले.

पायरी रिकामी झाल्यावर अध्यक्षांच्या लक्षात आलं. रद्दी नव्हती, पण स्टूल होतं. थर्मासमध्ये घोटभर चहा होता. नवे का होईना, कप होते. आणि त्या प्रश्नाचं उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं कधी नव्हतंच. ते ‘बस’ असं होतं. इतकी वर्षं रोज दिलेलं उत्तर नेमकं त्या दिवशी आठवू नये? ते धावत बाहेर आले, तोवर शेजारचं शटर खाली आलं होतं.

त्यानंतर अध्यक्षांच्या दुकानातून खोलीत कागद जाईनासा झाला. आधी गल्ल्याखाली गठ्ठा झाला, मग फळीमागे, मग खोकी दारापर्यंत आली. मावशी तक्रार घेऊन आल्या. “अध्यक्ष, हे काय? वर पाटी आणि खाली उकिरडा? साहेब पुन्हा आले तर पाटी काढून नेतील.”

“नेऊ देत,” अध्यक्ष म्हणाले. “तो कचरा नाही. भाऊंचा कागद आहे.”

“मग त्यांना नेऊन द्या ना.”

“ते न्यायला येतात,” अध्यक्ष म्हणाले.

अजून आलेले नाहीत. संध्याकाळ झाली की अध्यक्ष स्टूल पुसून ठेवतात, दोन कप काढतात आणि पायरीकडे कान लावून बसतात. पुन्हा चूक व्हायला नको म्हणून ते उत्तर जिभेच्या टोकावरच ठेवतात. पायरीवर पाऊल वाजलं की वर न बघता म्हणतात, “बस!” पेन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक गोंधळून स्टुलावर बसतं. अध्यक्ष मान वर करून बघतात, मग उठून त्याला पेन काढून देतात.